भुताला पैसा लागत नाही! कमी खर्चाचे भयपट गावोगावी एवढे का चालतात?

सिल्लोड : रात्रीचे अकरा-साडेअकरा वाजलेत. शेतीची थ्री-फेज लाईट रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला उठावंच लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. बांधाच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली मका. वारा नसताना मधेच पानं सळसळतात आणि पाय जागीच थांबतात. डुक्कर असेल, कोल्हा असेल, नाहीतर बिबट्याही असेल. दिसत काहीच नाही, पण छातीत धडधड सुरू होते.

या दहा सेकंदांच्या भीतीला खर्च किती आला? एक रुपयाही नाही. अंधार, उंच पीक आणि एक आवाज, एवढंच पुरलं. कमी पैशात बनणारे भयपट म्हणजे भुताचे सिनेमे नेमक्या याच भांडवलावर चालतात. मोठा हिरो नाही, परदेशातलं गाणं नाही, तरी हे सिनेमे गावागावात मोबाईलवर आवडीने पाहिले जातात. सिनेमा संपला तरी अंगणात एकट्याने जायची हिंमत होत नाही. असं का होतं आणि त्यातलं कोणतं भय मनावर घ्यायचं, कोणतं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

न दिसणारं भूत जास्त घाबरवतं

मारामारीच्या सिनेमात गाडी उडवायची तर खरी गाडी आणावी लागते. ऐतिहासिक सिनेमात किल्ला, घोडे, शेकडो माणसं लागतात. भयपटात मात्र दार हळूच उघडलं तरी काम होतं. दारामागे काय आहे ते प्रेक्षक स्वतःच्या मनात उभं करतो. प्रत्येकाच्या मनातलं भूत वेगळं असतं आणि ते रंगवायला मेकअपवाला लागत नाही.

म्हणून भयपटात पैसा कमी असणं कधी कधी फायद्याचंच ठरतं. भूत दाखवायला पैसे नाहीत म्हणून दिग्दर्शक ते लपवतो. ते लपलेलं असतं म्हणून प्रेक्षक जास्त घाबरतो. उलट खर्च करून भूत पूर्ण उजेडात आणलं की पोरं हसायला लागतात, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

अमेरिकेत 1978 साली आलेला 'हॅलोवीन' हा सिनेमा याचं चांगलं उदाहरण. त्यातल्या खुन्याचा चेहरा तयार करायला पैसे नव्हते. म्हणून दुकानातून एका टीव्ही मालिकेतल्या पात्राचा रबरी मुखवटा दोनेक डॉलरला आणला आणि त्याला पांढरा रंग फासला. तो कोरा चेहरा पुढे जगभर गाजला. त्याआधी 1968 च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्ताऐवजी चॉकलेटचा पाक वापरला होता. सिनेमा काळा-पांढरा होता, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

2006 साली ओरेन पेली नावाच्या दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात, आठवडाभरात 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' शूट केला. खर्च साधारण 15 हजार डॉलर. घरातल्या कॅमेऱ्यात रात्री काय दिसतं, एवढीच गोष्ट. जगभरात त्याने 19 कोटी डॉलरहून जास्त कमाई केली.

रामसे बंधू : एक बस, एक विश्रामगृह, एक भूत

हे गणित आपल्याकडे सगळ्यात आधी ओळखलं ते रामसे कुटुंबाने. फतेहचंद रामसे यांचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईला आले, पुढे सिनेमा काढायला लागले. 1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण एक गोष्ट त्यांच्या मुलांच्या नजरेतून सुटली नाही. त्या सिनेमात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढ्या एका सीनला थेटरात जान यायची. बाकी सिनेमा कुणाला आठवत नव्हता.

मग ठरलं, पूर्ण सिनेमाच भीतीचा काढायचा. 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' आला. शूटिंग महाबळेश्वरला. सेट उभारला नाही, विश्रामगृहातच राहायचं आणि तिथेच शूटिंग करायचं. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचे, किरण आवाजाचं बघायचे, अर्जुन संकलन करायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे. शेतात घरचीच माणसं राबली की मजुरी वाचते, तसलाच हा प्रकार.

पुढे 1984 चा 'पुराना मंदिर', 1988 चा 'वीराना', 1990 चा 'बंद दरवाजा' असे त्यांचे सिनेमे गाजले. मोठ्या शहरातल्या मोठ्या थेटरांपेक्षा लहान गावं, तालुक्याची ठिकाणं हाच त्यांचा हक्काचा बाजार होता. 1993 पासून टीव्हीवर 'झी हॉरर शो' आला आणि ज्या घरात टीव्ही त्या घरात अर्धी गल्ली जमायला लागली. पोरं गोधडीच्या फटीतून बघायची आणि सकाळी शाळेत भूत कसं होतं ते एकमेकांना सांगायची.

मालेगावने दाखवलं, कॅमेरा असला की पुरे

सिनेमा म्हणजे मुंबईवाल्यांचंच काम, हा समज आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावने मोडला. तिथे यंत्रमागावर काम करणारी, छोटी दुकानं चालवणारी माणसं नट झाली. नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' बनवला. ट्रॉली नव्हती तर सायकल वापरली, क्रेन नव्हती तर बैलगाडीचा उपयोग केला. या वेडावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि 2025 मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट थेटरात लागला.

मालेगावचे सिनेमे विनोदी होते, भुताचे नव्हते. पण आज गावागावातली पोरं मोबाईलवर जे भुताचे छोटे व्हिडिओ बनवतात, त्यांचा मार्ग तोच आहे. जुनं पडकं घर, पांढरी साडी, मोकळे केस, एक विहीर आणि मोबाईल. नवशिक्यांना प्रेमकथेपेक्षा भुताचा व्हिडिओ सोपा जातो त्यालाही कारण आहे. प्रेमकथेत अभिनय कच्चा असला तर लगेच दिसतो. अंधारात तो झाकला जातो.

उसाच्या फडातली 'लपाछपी'

मराठीत भीतीची परंपरा जुनी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचून अनेक पिढ्यांची झोप उडाली. पडद्यावर 1993 साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने तात्या विंचू आणला. रामदास पाध्ये यांनी हलवलेली एक बाहुली, पण त्या काळातली कित्येक पोरं घरातल्या बाहुलीकडे पाठ करून झोपत नव्हती.

पण आपल्या शेतशिवाराच्या सगळ्यात जवळचा भयपट म्हणजे 2017 साली आलेला 'लपाछपी'. दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंत, विक्रम गायकवाड आणि उषा नाईक यांच्या मुख्य भूमिका. गोष्ट अशी : नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, मागे वसुलीवाले. म्हणून तो आठ महिन्यांच्या गरोदर बायकोला घेऊन शहर सोडतो आणि आडबाजूच्या एका घरात आसरा घेतो. घराच्या चारी बाजूंना ऊस. त्या उसातून लहान पोरांचे आवाज येतात, खेळायला बोलावतात.

बघायला गेलं तर सिनेमात आहे काय? एक घर, एक फड, चार-पाच माणसं. ना मोठा सेट, ना मोठा स्टार. पण उसात दोन पावलं आत गेलं की मागचा माणूस दिसत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला तो फड बघूनच धडकी भरते. शहरातल्या प्रेक्षकाला ऊस म्हणजे नुसतं हिरवं रान. ज्याच्या घरी ऊस किंवा मका आहे, त्याला ती जागा ओळखीची वाटते. त्यामुळे या सिनेमाची भीती गावाकडच्या प्रेक्षकाला जास्त लागते.

आणि खरी भीती तर पुढे आहे. या घराला भुताने पछाडलं ते का, हे उलगडत जातं तेव्हा कळतं की मुळात दोष माणसांचा. मुलगी नको म्हणून घेतलेले जीव, त्यात सामील झालेली घरचीच माणसं आणि गप्प बसलेलं गाव. भूत त्या पापाचा हिशोब मागायला आलेलं असतं.

ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हा आकडा 807 होता. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 पासून आहे, तरी हे आकडे आले. एखाद्या सभेत हा आकडा सांगितला तर लोक ऐकून घेतात आणि घरी जातात. 'लपाछपी' बघताना मात्र ज्यांनी हा विषय कधी काढला नसता, तेही श्वास रोखून शेवटपर्यंत बसतात. पुढे याच दिग्दर्शकाने हा सिनेमा 2021 साली 'छोरी' नावाने हिंदीत केला आणि तो ओटीटीवर देशभर पोहोचला.

चांगला भयपट हेच करतो. जे गावात सगळ्यांना माहीत असतं पण कुणी बोलत नाही, ते तो भुताच्या तोंडून बोलवतो.

घाबरायला मजा का येते?

पैसे देऊन कुणी घाबरायला जातं का? जातं. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसतो तेही त्यासाठीच.

अचानक आवाज झाला की मेंदू विचार करायला थांबत नाही. आधी शरीर तयार होतं. अॅड्रेनालीन नावाचा स्राव रक्तात उतरतो, ठोके वाढतात, श्वास जोरात चालतो, हातपाय पळायला सज्ज होतात. पण पुढच्याच क्षणी कळतं की आपण घरात, खाटेवर आहोत आणि शेजारी भाऊ बसलाय. धोका नाही हे कळलं की एकदम सुटल्यासारखं वाटतं, हसू येतं. त्या सुटकेची गंमत वाटते म्हणून माणूस पुन्हा बघतो.

म्हणूनच भयपट चौघांत बघायची मजा वेगळी. एक जण दचकला की बाकीचे हसतात आणि स्वतःची भीती लपवतात. पूर्वी जत्रेत तंबूत सिनेमा लागायचा, तेव्हा अर्धी मजा पडद्यावर आणि अर्धी मजा शेजारच्याचं तोंड बघण्यात होती. आता कानात हेडफोन घालून एकट्याने बघितलं की गंमत कमी होते आणि भीती तेवढी उरते.

आवाजाचं काम इथे सगळ्यात मोठं. विश्वास नसेल तर मोबाईलचा आवाज बंद करून भुताचा सिनेमा बघा. निम्मं भूत तिथेच पळून जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 साली शंभरावर चित्रपटांचे आवाज तपासले. संकटात सापडलेलं जनावर किंवा पिल्लू जसं फाटक्या, कर्कश आवाजात ओरडतं, तसले आवाज भयपटात मुद्दाम जास्त वापरलेले आढळले. गोठ्यातली गाय रात्री वेगळ्या आवाजात हंबरली तर घरधनी झोपेतून उठून बसतो. सिनेमावाले त्याच सवयीचा फायदा घेतात, आणि त्याला खर्च फारच कमी लागतो.

ओळखीची भुतं, ओळखीच्या जागा

दुसरं कारण म्हणजे भुतं आपल्या ओळखीची आहेत. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, पाण्यातल्या आसरा, वाट चुकवणारा चकवा, हे सगळे आजीच्या गोष्टींतून आलेले. 2024 साली 'मुंज्या' या हिंदी सिनेमाने कोकणातली अशीच एक गोष्ट उचलली आणि मोठा हिरो नसताना शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. 'तुंबाड' 2018 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा थेटरात फार चालला नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. लोकांना परदेशी भुतांपेक्षा घरची भुतं जवळची वाटतात हे त्यातून दिसलं.

या गोष्टींमागे अनुभवही असतो. चकव्याचंच घ्या. रात्री माळावरून चालताना माणूस फिरून त्याच झाडापाशी येतो, असं म्हातारी माणसं सांगतात. 2009 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की सरळ चालतोय असं वाटत असतानाही माणसं खरंच गोल फिरून आपल्याच वाटेवर येत होती. म्हणजे म्हातारी माणसं खोटं बोलत नव्हती. अनुभव खरा होता, नाव तेवढं चकव्याचं दिलं.

विहिरीतल्या आसरांची भीती घालून पोरांना काठावर जाण्यापासून थांबवलं जायचं. कठडा नसलेल्या विहिरींच्या काळात त्या भीतीने कितीतरी पोरं काठापासून लांब राहिली असतील.

'खरा व्हिडिओ' म्हणून येतो तेव्हा

आता जपून वागायचा मुद्दा. सिनेमातलं भूत सिनेमा संपला की जातं. व्हॉट्सअॅपवर आलेलं भूत मात्र गावात फिरत राहतं.

'अमुक घाटात रात्री बाई दिसली', 'तमुक रस्त्यावर सीसीटीव्हीत भूत सापडलं' असे व्हिडिओ दर काही दिवसांनी ग्रुपवर येतात. हलता कॅमेरा, अंधुक चित्र, घाबरलेला आवाज आणि काही दिसायच्या आत व्हिडिओ बंद. हा प्रकारही सिनेमावाल्यांचाच आहे. 1999 साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा अमेरिकन सिनेमा आला. जंगलात हरवलेल्या तीन विद्यार्थ्यांनी स्वतः केलेलं हे शूटिंग आहे, असं भासवलं होतं. नट बेपत्ता असल्याची पत्रकंसुद्धा वाटली. अनेकांना ते खरं वाटलं आणि अगदी थोडक्या पैशात बनलेला तो सिनेमा जवळपास 25 कोटी डॉलर कमावून गेला. नट मात्र सुखरूप घरी होते.

त्यामुळे असा व्हिडिओ आला की पुढे पाठवायच्या आधी चार गोष्टी बघाव्यात :

- गाव, तारीख, वेळ स्पष्ट सांगितली आहे का? तोच व्हिडिओ दरवेळी वेगळ्या गावाच्या नावाने येतो का?
- आवाज जागेवरचा आहे की मागाहून टाकलेलं संगीत आहे?
- नेमकं दिसायच्या वेळेलाच कॅमेरा हलतो किंवा व्हिडिओ तुटतो का?
- बोलणाऱ्याची भाषा त्या भागातली आहे का? गाड्यांच्या पाट्या, दुकानांचे फलक कुठले आहेत?

भुताचा व्हिडिओ पाठवल्याने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण भीतीची अफवा कुठे थांबेल ते कुणाच्या हातात नसतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होत्या. त्यातली टोळी कुणी पाहिली नव्हती. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती सगळ्यात मोठी असते, हे सिनेमात गमतीचं असलं तरी आठवडी बाजारात तेच जीवघेणं ठरलं.

अंगात आलं तर दवाखाना, मांत्रिक नव्हे

सिनेमात शेवटी एखादा मांत्रिक येतो आणि भूत काढतो. गोष्टीला शेवट हवा म्हणून ते ठीक. प्रत्यक्षात एखादी सून गप्प गप्प राहते, झोपत नाही, एकटीच बडबडते, घुमते, तेव्हा तिला उपचाराची गरज असते. बाळंतपणानंतरही काही बायकांना असा त्रास होतो आणि तो औषधाने बरा होतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं जातं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र टाकत बसणं, हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. रानात काम करणाऱ्या माणसाला सर्पदंशात एकेक मिनिट मोलाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

पोरांच्या हातात मोबाईल देताना

भयपट वाईट नाहीत, पण वय बघावं. थेटरात 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा अठरा वर्षांखालच्यांना दाखवत नाहीत. आता 'यूए' मध्येही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले आहेत. ओटीटीवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात हा आकडा दिसतो. यूट्यूबवरच्या भुताच्या व्हिडिओवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. लहान पोराला सिनेमा आणि खरं यातला फरक लवकर कळत नाही. ते रात्री दचकून उठायला लागलं, अंधारात लघवीला जायला घाबरायला लागलं तर मोबाईलमध्ये काय बघतंय ते आधी तपासावं. रागावण्यापेक्षा सोबत बसून, हे रंग कसे लावतात, आवाज कुठून आणतात, ते सांगितलं तर भीती लवकर जाते.

मोठ्यांनी मात्र खुशाल बघावेत. चौघांत बसून, आवाज मोठा करून. एवढंच लक्षात असू द्यावं की रात्री मोटार चालू करायला जाताना मक्यात सळसळ झाली तर हडळीचा विचार करत उभं राहू नये. बॅटरी सगळीकडे फिरवावी, मोठ्याने बोलावं, जमलं तर सोबतीला कुणाला घ्यावं आणि पायाखाली नीट बघून पाऊल टाकावं. त्या रानात साप, बिबट्या आणि उघडी वायर हे तिन्ही खरे आहेत.